काहील कधी उतरायची

माझ्या बापासारखा आडमुठा माणूस अख्ख्या कसबा बावड्यात दुसरा नाही. हे मी पाठीमागं बोलत नाही, त्यांच्या तोंडावर शंभरदा बोललोय. वयाची ऐंशी ओलांडली तरी रोज सकाळी आबा काठी टेकत येतात, आमच्या गुऱ्हाळघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची ओढून बसतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "पोरगं करतंय गूळ. आमी न्हाय खात." गिऱ्हाइकासमोर! स्वतःच्याच गुऱ्हाळाच्या दारात बसून! असला बाप दुश्मनालाही मिळू नये.

आमच्या घरात एक रीत आहे. हंगामाची पहिली काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, चुलवाणावरनं उतरली, गूळ थंड व्हायला वाफ्यात ओतला, की त्यातला कोमट गोळा आधी चुलवाणाला दाखवायचा आणि मग घरातल्या थोरल्या माणसाच्या हातावर ठेवायचा. त्यानं तो उभ्यानं खायचा आणि सगळ्या गड्यांसमोर निकाल द्यायचा, 'बरा हाय' नाहीतर 'वंगाळ हाय'. तिसरा शब्द नाही. आबांच्या गुळाला आजोबा निकाल द्यायचे. मी काम हातात घेतल्याला वीस हंगाम झाले होते, माझ्या गुळाला निकालच नव्हता. आबा गोळा हातातच घेत नव्हते. मला दुसरं काही नको होतं. त्यांनी एकदा खावा आणि काय ते बोलावं, एवढंच.

भांडण पावडरीवरून झालं. आबा गुळव्या होते. म्हणजे काहिलीत रस आटत असतो, त्याचा गूळ झाला कधी, हे ठरवणारा माणूस. काहील लवकर उतरली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो, आणि मधली वेळ असते मिनिटभराची. आबा थंड पाण्यात बोटं बुडवायचे, तशीच उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचे, पाण्यात त्याची गोळी वळायचे, दाबून बघायचे आणि ओरडायचे, "घ्या!" की गडी काहिलीला भिडायचे. त्यांची एकही काहील चुकलेली मी पाहिली नाही. हे कबूल करताना आजही माझं तोंड कडू होतं.

मग बाजारात पिवळ्याधमक गुळाचं खूळ आलं. भेंडीच्या रसानं मळी काढलेला आमचा तांबूस गूळ कुणी हातात धरीना. राजारामपुरीच्या एक बाई दर महिन्याला यायच्या, त्या तर ढेपेवर नख मारून म्हणायच्या, "हा कसला काळपट? स्वच्छ दाखवा." मी पावडर आणली. थोडी टाकली की गूळ पिवळाजर्द. सोबत थर्मामीटरही आणला, बोटं कशाला भाजून घ्यायची? आबांनी पावडरीचा डबा उघडला, हुंगला आणि म्हणाले, "ह्यो गूळ न्हाय. ही रंगरंगोटी हाय." मी तेव्हा तरणा होतो आणि लई शहाणा होतो. सगळ्या गड्यांदेखत बोललो, "आबा, तुमचं बोट ठेवा आता खिशात." त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि बाहेर गेले. त्या दिवसानंतर त्यांनी काहिलीत बोट घातलं नाही.

आता गंमत बघा. त्याच बाई, तेच नख, यंदा हंगामाच्या तोंडावर येऊन मला विचारतात, "केमिकल नाही ना? मला काळा पाहिजे, नॅचरल." अहो बाई, तुमच्यासाठीच बापाशी वैर घेतलं की! पण त्यांना कुठलं आठवायला? माणसाची जात अशी, काल ज्याला नाक मुरडलं ते आज औषध म्हणून मागतील आणि वर आपल्यालाच शिकवतील. मी तरी कुठला साधू? लोक फिरले तसा मीही फिरलो आणि पावडर बंद केली. आबांना जाऊन सांगितलं. वाटलं होतं, म्हातारा खूश होईल.

"कुणासाठी बंद केलीस?" त्यांनी विचारलं.

"लोकं मागत्यात तसला."

"मग लोकास्नीच घाल खायाला."

अशा माणसाशी काय बोलायचं सांगा.

त्यात ऊसही पहिल्यासारखा राहिला नाही. लहानपणी पंचगंगेचं पाणी शेतात यायचं, दोन दिवस बसायचं, गाळ ठेवून जायचं, आणि त्या गाळावर ऊस असा यायचा की बघत राहावं. आता पाणी आठ-आठ दिवस हलत नाही. ऊस बुडून कुजतो, वाचतो त्याचा रस खारट. दिवाळी आली तरी पाऊस उघडत नाही. नदीला शिव्या घालून काय होणार? तिच्या काठाला भराव टाकून घरं बांधली ती आम्हीच. आमच्याच भावकीनं विकलेली रानं ती, मला कुणी सांगायला नको.

तर बिनपावडरीची पहिली काहील चढली. ती बघायला म्हणून राजारामपुरीच्या बाई आणि त्यांच्या ओळखीची पाच-सहा माणसं मोबाइल घेऊन आली. आबा दारात खुर्चीवर. मी थर्मामीटर घालून बसलो. आकडा अजून खाली होता म्हणून मी थांबलो. वीस वर्षं पावडर आणि आकडा यांच्याच भरवशावर काढली होती, आणि हा पुराचा ऊस कुठल्या आकड्याचं ऐकतोय? पाक घट्ट व्हायला लागला, फेस बसला. तेवढ्यात आबा खुर्चीतून उठले. मी बघितलं. त्यांनी काहिलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, काठी उचलली आणि सरळ घराकडं चालू लागले. पुढच्या मिनिटाला करपल्याचा वास सुटला. अख्खी काहील जळाली. बाई हसत म्हणाल्या, "एवढा काळा नको होता हो!" चारचौघांत नाक कापलं गेलं आणि त्याचं शूटिंगही झालं.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मी आबांना सोडलं नाही.

"तुमाला कळलं हुतं न्हवं, काहील वाया चाललीया म्हून?"

"व्हय," आबा भाकरी मोडत म्हणाले.

"मग बोलला का न्हाईसा?"

"इचारलंस काय? वीस वर्सांत एकदा तरी इचारलंस?"

मी ताट सरकवलं. माझी बायको नेसरीची, दोघांच्याही वाटेला सहसा जात नाही, पण त्या दिवशी तिचंही डोकं फिरलं. "सुंभ जळलं तरी पीळ जाईना, दोघांचा बी," ती मला म्हणाली. "उद्या इचारा की त्यास्नी. जीभ झडतीया काय तुमची?" मला इतका राग आला होता की रात्रभर डोळा लागला नाही. स्वतःच्या पोराची काहील डोळ्यांदेखत जळू देणारा बाप! मेला तरी मी रडणार नाही, असंही मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू?

सकाळी दुसरी काहील चढवली. पाक आटत आला तसा मी दारात गेलो. गडी बघत होते. खुर्चीसमोर उभा राहिलो आणि दात-ओठ खात बोललो, "आबा, काहील कधी उतरायची, तेवढं सांगा."

आबा उठले. काठी मला धरायला दिली, धोतराचा सोगा खोचला, थंड पाण्यात बोटं बुडवली आणि पाकात घातली. मला तिथंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पूर्वी त्यांचा हात विजेसारखा आत-बाहेर व्हायचा. या वेळी बोटं पाकात राहिली, निवांत. मीच त्यांचं मनगट धरून ओढलं. त्यांनी गोळी वळली, दाबली. परत पाक घेतला, परत दाबला. तिसऱ्यांदाही. गडी काहिलीच्या कडेला तयार उभे होते आणि 'घ्या' काही येईना.

"कळंना रं," आबा हळूच म्हणाले. "बोटाला कायबी कळंना."

त्यांना साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत, हे मला ठाऊक होतं. बोटं बधिर झाली होती, ते ठाऊक नव्हतं. एका घरात राहतो, एका ओळीत जेवतो.

"मग काल वासावर कळलं व्हय?"

"काल बी न्हाय कळलं. वास येत न्हाय मला. लई दिस झालं."

"मग उठून गेलासा कशाला?"

आबा काहिलीकडं बघत होते. "भ्यालो," ते म्हणाले. "तू हाक मारशील म्हून."

पण पाक थांबत नव्हता. मी थर्मामीटरकडं बघितलं नाही, आबांकडंही नाही. पाण्यात बोटं बुडवली आणि पाकात घातली. आईशप्पथ, जीव कळवळला. गोळी वळली, काय ती वळली कुणास ठाऊक, आणि अंदाजानं ओरडलो, "घ्या!"

लवकर ओरडलो होतो. गूळ वाफ्यात नीट बसलाच नाही, शिऱ्यासारखा मऊ राहिला. तरी गोळा घेतला, चुलवाणाला दाखवला आणि आबांच्या हातावर ठेवला. डॉक्टरांनी त्यांना गूळ बंद केलाय, ते बायको दारातून ओरडून सांगत होती. आबांनी ऐकलं नाही. उभ्यानं खाल्ला. चावला, गिळला, गड्यांकडं एकदा बघितलं.

"वंगाळ हाय," ते म्हणाले, आणि उरलेला गोळाही तोंडात टाकला.

माझी दोन बोटं फुगून आली होती. ती मी पाण्यात धरून उभा होतो. आबांनी माझा हात वर ओढला आणि फोडांवरनं आपला अंगठा फिरवला.

"भाजलं व्हय?"

"मग काय तर!"

"माझंबी भाजायचं," आबा म्हणाले. "भाजतंय तवर कळतंय. उद्या परत घाल."