मामाजींची दुसरी बॅटरी

माझ्या बायकोच्या मामांइतका, म्हणजे आमच्या मामाजींइतका संशयी माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. अमरावतीच्या कोर्टात जन्मभर उलटतपासण्या घेतल्यामुळे असेल, पण समोरचा खरं बोलत असेल, ही शक्यता ते सगळ्यात शेवटी विचारात घेतात. डॉक्टरांनी बीपी नॉर्मल सांगितलं की ते बीपीच्या यंत्राचं वय विचारतात. मी एकदा सहज म्हटलं, चहा छान झालाय. कप खाली ठेवून म्हणाले, "काहून? काय काम होतं?"

वकिली सोडल्यावर ते मामींना घेऊन कौंडण्यपूरजवळच्या शेतातल्या घरी राहायला गेले. मामींची फुफ्फुसं कमजोर. नाकाला नळी आणि ऑक्सिजनचं मशीन कायमचं सोबत. पण नदीवर त्यांचा भारी जीव. म्हणून मामाजींनी इंजिनाची एक लहानशी नाव घेतली आणि तीत दोन बॅटऱ्या बसवल्या. पहिली इंजिन सुरू करायला, दुसरी मामींच्या मशीनला. मिस्त्रीने दोन्हींच्या मध्ये एक स्विच लावला आणि समजावलं, "पहिली भरली का हे आपोआप दुसरीले लाईन देते."

"आपोआप म्हंजे कोनाच्या सांगन्यावरून?"

स्विच त्या क्षणी आरोपी ठरला. पहिली बॅटरी गुपचूप दुसरीतली वीज ओढते, असा मामाजींचा पक्का वहीम. शेवटी त्यांनी कोणाला न सांगता स्विच काढून टाकला, इंजिनाकडून येणारी चार्जिंगची तार सरळ दुसरीला जोडली, आणि पहिलीवर पाळत ठेवायला एक लाल बल्ब लावला. तो दिवसरात्र जळत राहिला.

तीन-चार दिवसांनी मी तिकडे गेलो, तेव्हा आम्ही तिघं नावेत बसलो. भर पात्रात मामी म्हणाल्या, "इंजिन बंद करा न जरासं. देवळातली घंटा आयकू द्या." मामाजींनी बंद केलं. घंटा ऐकून झाली. इंजिन काही सुरू होईना. पाळतीच्या बल्बनेच पहिली बॅटरी पिऊन टाकली होती; उरलीसुरली वीज निघताना इंजिन सुरू करण्यात संपली. दुसरी भरलेली होती, पण तिच्यावर मशीन चालू होतं.

"थोडा वेळ तिची तार इंजिनाला जोडू," मी म्हणालो.

"अन् तेवढ्यात हिले काई झालं त?"

"जोडा," मामी म्हणाल्या. "मी बसतो जरा वेळ बिना मशीनची."

त्यांनी नळीला हात घातला, तसा मामाजींनी तो हात धरला. "नाई. त्या बॅटरीले कोनी हात लावाचा नाई." सत्तरी उलटलेल्या त्या माणसाने वल्हं उचललं, दुसरं मी घेतलं. मामाजी धापा टाकत वल्हवत होते आणि दर थोड्या वेळाने मागे वळून मशीनचा हिरवा दिवा बघत होते. मामी तोंडाला पदर लावून किनाऱ्यापर्यंत हसत होत्या.

मामी जाऊन आता दुसरा पावसाळा उलटला. परवा गेलो तेव्हा नाव काठाला बांधलेली होती, इंजिन चालू होतं आणि मामाजी आत एकटेच बसले होते.

"कुठे निघालात?"

"कुठं नाई. दुसरी चार्ज करून राहिलो. पडून राह्यली का खराब होते."

मी शेजारी बसलो. बॅटरी मोजायचं मीटर माझ्यापुढे करत ते म्हणाले, "जवाईबापू, तुमीच पाहा. मले आकडे दिसत नाई आता."

मी बघून सांगितलं, "भरली आहे, मामाजी."

त्यांनी उलटून काही विचारलं नाही. मान हलवली आणि इंजिन बंद केलं.