किनाऱ्यावरच्यांनी हात हलवू नयेत

सून काय करते, असं कुणी विचारलं की सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "समुद्रावर नोकरीला आहे." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पांढरा गणवेश आणि भोंगा वाजवणारं जहाज उभं राहायचं. सासूबाईही ते चित्र पुसायला जात नसत. खरं तर सून लोकांना कयाक चालवायला शिकवायची. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबट, निमुळती नाव. दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने हाकायची. दुकानांतल्या, कचेऱ्यांतल्या माणसांना ती अशा नावांतून फिरवून आणायची आणि त्याआधी प्रत्येकाला कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटं करायची.

"नाकातोंडात पाणीच घालायचं तर आमच्या मोरीत या म्हणावं," सासूबाई म्हणायच्या.

पण पोरगी गुणाची. घरात पाऊल टाकलं की ओली लाइफ जॅकेटं बाल्कनीतल्या दोरीवर टांगायची, एकेक पट्टा ओढून बघायची, एखादी शिवण उसवलेली दिसली तर ते जॅकेट बाजूला काढायची आणि मगच स्वयंपाकाला लागायची. जेवताना मात्र तोंडाला विश्रांती नसे. एकदा वाऱ्यात आवाज पोचत नाही हे सांगताना तिने ताटातला चमचा उभा धरला आणि उजवीकडे झुकवला.

"आई, वल्हं असं झुकवलं की त्या बाजूला यायचं. धोका कुठे आहे ते कधी दाखवायचं नाही. घाबरलेला माणूस दाखवाल तिकडेच जातो."

"बरं बाई, आधी जेवून घे, मग बुड."

त्या दिवशी वारा दुपारनंतर वाढणार असा अंदाज होता. म्हणून सून चार जणांना घेऊन सकाळीच निघाली होती. वाऱ्याने मात्र अंदाज वाचलेला नव्हता. बाल्कनीतली जॅकेटं आडवी उडायला लागली, तशा सासूबाई हातातली चादर तिथेच टाकून, दाराला कुलूपही न लावता किनाऱ्यावर आल्या.

नावांतून गेलेल्यांच्या घरची माणसं कठड्यापाशी जमली होती. सगळ्यांत पुढे बेकरीवाली. तिचा नवरा पिवळ्या नावेत होता. वाऱ्याचं पहिलं लक्षण दिसताच सुनेने सगळ्यांना माघारी वळवलं होतं आणि नावा आता समोर, हाकेच्या अंतरावर दिसत होत्या. पण हाक पोचेल तर ना! वारा समुद्रावरून येऊन थेट तोंडात शिरत होता.

लाल टोपीवरून सून ओळखू आली. लाटा फुटत होत्या त्याच्या अलीकडे न येता, पलीकडेच तिने सगळ्यांना थांबवलं. वल्हं उभं धरलं आणि झुकवलं ते किनाऱ्याकडे नव्हे, लांब खडकाळ टोकाकडे. त्या टोकाच्या आडोशाला मासेमारीच्या होड्या लागायच्या.

"अगं बाई, ही कुठे चालली?" बेकरीवाली किंचाळली. "घर समोर दिसतंय आणि ही आमची माणसं भलतीकडे नेतेय!" ती कठड्यावर चढली, अंगातला एप्रन सोडून गरगर फिरवायला लागली. "अहो, इकडे! इकडे या!" तिचं पाहून बाकीच्यांनीही हात उंचावले. कुणी टोपी हलवतंय, कुणी टॉवेल.

रोज तिथे फिरायला येणारे एक आजोबा सासूबाईंच्या कानाशी येऊन म्हणाले, "तुमची सून वाट चुकली वाटतं."

चार घरची माणसं पोरीच्या हवाली. काही बरंवाईट झालं तर जन्मभर तोंड दाखवायला जागा नाही. सासूबाईंनी डोळे मिटले, हात जोडले. देवा, तिला बुद्धी दे, एवढंच म्हणाल्या. डोळे उघडले तेव्हा समोर एक लाट भिंतीसारखी उभी राहिली आणि धाडकन गोट्यांवर कोसळली. परत जाताना तिने इतके दगड ओढून नेले की भांड्यांचं पोतं फरपटत नेल्यासारखा आवाज झाला. कुठूनसं वाहत आलेलं लाकडी खोकं त्यात सापडलं आणि क्षणात त्याच्या फळ्या फळ्या झाल्या.

घर समोर होतं खरं, पण त्याचं दार हे असं होतं. पोरीला ते लांबूनच दिसलं होतं.

तेवढ्यात पिवळ्या नावेने तोंड फिरवलं आणि ती सरळ किनाऱ्याकडे निघाली. लाल टोपीने सपासप वल्हं मारत पुढे येऊन आपली नाव तिच्यासमोर आडवी घातली. काहीतरी सांगत होती. बेकरीवाला मान उंचावून तिच्या डोक्यावरून पाहत होता. त्याला वल्हं दिसतच नव्हतं. त्याला दिसत होता एप्रन.

सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे हात वर. जोडलेले होते ते फक्त त्यांचे. ते त्यांनी सोडले आणि एप्रनचं टोक धरून जोरात खाली ओढलं.

"हात खाली कर!"

"का म्हणून? तो येतोय माझ्याकडे!"

"येतोय ना, तेच म्हणते मी. त्या खोक्याचं काय झालं बघितलंस?"

"तुमच्या सुनेला जमत नसेल तर—"

"माझ्या सुनेला जमतंय. तू दिसतेस तोवर तुझ्या नवऱ्याला तिचं पटायचं नाही. उतर खाली. आपण टोकाकडे चालायचं."

"माझे पाय उचलत नाहीत हो, मावशी."

"उचल. आजवर तुझ्याच मागे आलाय ना तो? मग आणखी थोडा येऊ दे."

बेकरीवालीचा दंड धरून सासूबाई निघाल्या. मागे वळून बाकीच्यांवर ओरडल्या, "अहो, मिरवणूक बघताय का? हात बांधा आणि चला!" एरवी मंदिरातही मागच्या रांगेत बसणारी ही बाई, तिचा आवाज ऐकून टॉवेल खाली आले, टोपी डोक्यावर गेली आणि सगळा घोळका रस्त्याने टोकाकडे चालू लागला. आजोबासुद्धा.

पिवळी नाव जरा वेळ घुटमळली. सासूबाईंच्या तोंडात देवाचं नाव होतं, डोळे पाण्यावर. मग नावेचं नाक हळूहळू फिरलं. लाल टोपीने तिघांना पुढे घातलं आणि आपण बेकरीवाल्याच्या बाजूला राहून, किनारा आणि तो यांच्यामध्ये, नाव हाकत राहिली. एकेक लाट सगळ्यांना उचलायची, खाली ठेवायची. माणसं रस्त्याने, नावा पाण्याने, अशी ती वरात टोकाला पोचली.

टोकाच्या आड वारा डोक्यावरून जात होता आणि खाली पाणी बशीतल्या चहासारखं शांत. सुनेने एकेकाला हात देऊन उतरवलं. आपण शेवटी उतरली. ओठ काळेनिळे पडले होते, पण टोपी सरळ होती.

"काय हो, वळलात कसे शेवटी?" बेकरीवालीने रडत रडत नवऱ्याला विचारलं.

"तू चालायला लागलीस. म्हटलं, चिडून घरी निघाली. आता मागे जायलाच हवं."

हसू आवरेना कुणाला. सून सासूबाईंजवळ आली. "आई, त्याला दोरीने ओढावं लागणार होतं. मग बाकीच्या तिघांना बघणार कोण? किनाऱ्यावरून लोकांना कुणी हलवलं?"

बेकरीवालीने बोट दाखवलं. सुनेने ओल्या अंगानेच सासूबाईंना मिठी मारली. "अगं, लुगडं भिजलं माझं!" त्या म्हणाल्या, पण सोडवून घेतलं नाही.

आजोबा खाकरले. "मी आपलं म्हटलं, वाट चुकली."

"चुकली असती ना," सासूबाई म्हणाल्या, "तर बरोबर तुमच्यासमोर आली असती."

तेव्हापासून शिकवणीचे दोन भाग झाले. पाण्यात जाणारे सुनेपुढे बसतात, किनाऱ्यावर राहणारे सासूबाईंपुढे. परवा एका नव्या आईने विचारलं, "पण काळजी वाटली तर काय करायचं?"

"वाटणारच. पोटचं पोर आहे," सासूबाई म्हणाल्या. "काळजी चालत चालत करायची. टोकापर्यंतचा रस्ता चांगला आहे."