दोन ओळींमधले दोन तास

कारेगावच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दुधाच्या टँकरसाठी एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार होतो. दूध किती गार आहे याची नोंद तो दर मिनिटाला, तारीख-वेळेसकट करतो. त्याचं प्रोग्रॅमिंग माझ्याकडे असतं. एकदा शिरूरच्या एका डेअरीतून मॅनेजरांचा फोन आला, "मॅडम, जरा येऊन जा. ड्रायव्हर रेकॉर्ड मानायला तयार नाही."

खुटबावहून आलेलं टँकरभर दूध नासलं होतं. रेकॉर्डच्या लागोपाठच्या दोन ओळींत दोन तासांचं अंतर दिसत होतं. त्यावरून मॅनेजरांनी ठरवून टाकलं होतं, की ड्रायव्हरनं वाटेत गाडी लावून झोप काढली.

साठीकडे झुकलेले ड्रायव्हरमामा दारातच उभे होते. "म्या कुठंच थांबलो न्हाई. कवा निघालो, खुटबावच्या लोकांना इचारा की."

"ते तुमचीच बाजू घेणार," मॅनेजर म्हणाले. "माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला अवघडल्यासारखं झालं. मशीन आमचं होतं.

मी लॅपटॉप उघडला. बोर्ड चालू झाल्यापासून किती सेकंद झाले, हाही आकडा प्रत्येक ओळीत असतो. मॅनेजरांच्या प्रिंटवर तो येत नव्हता. त्या दोन ओळींत तो आकडा जेमतेम मिनिटभर पुढं गेला होता, म्हणजे मधे दोन तास गेलेच नव्हते.

"मामा, काल बॅटरी काढली होती का?"

"व्हय. खुटबावलाच, गॅरेजात. दोन तास चार्जिंगला लावली व्हती."

बोर्डावरच्या घड्याळाचा सेल संपलेला होता, म्हणून बॅटरी काढल्यावर तेवढा वेळ घड्याळही थांबलं आणि दोन तास मागं पडलं. गाडी रात्रभर खुटबावला उभी, तिथं रेंज नाही. सकाळी न्हावऱ्याजवळ रेंज आली, मोबाइल टॉवरकडून खरी वेळ मिळाली आणि घड्याळानं एकदम दोन तासांची उडी मारली.

"मग दूध कशानं नासलं?" मॅनेजरांनी विचारलं.

"नोंदीत दूध शेवटपर्यंत गारच दिसतंय, कशानं नासलं ते मला नाही सांगता येणार. पण गाडी थांबली नव्हती."

सकाळी मामांकडून काढून घेतलेली गाडीची किल्ली त्यांनी टेबलावरून पुढं केली. "घ्या मामा. उद्यापासून या."

मामांनी हात पुढं केला नाही. "आधी खुटबावला फोन लावा, सायेब. म्या झोपलो म्हणून सकाळी तुम्हीच सांगितलंय तिथं."

मॅनेजरांनी आमच्यासमोर फोन लावला. आवाज खाली होता, पण सगळं सांगितलं. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग किल्ली उचलली.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ताई, त्ये मशीन काढणार का आता?"

"नाही मामा, दुरुस्त करणार."

"करा. उद्या परत कुणी काय म्हणलं, तर दाखवायला बरं पडंल."

त्याच आठवड्यात मी सेल बदलला. टॉवरकडून घड्याळाची वेळ बदलली की रेकॉर्डमध्ये जुनी वेळ आणि नवी वेळ यांची वेगळी ओळ पडेल, अशी सोयही केली.