मैदानाची परवानगी

ईशान, मीरा, तुम्ही दोघं आता हॉस्टेलवर राहता आणि ‘दिवसभर खोलीतच होतो’ असं फोनवर सहज सांगता. म्हणून तुमच्या आईच्या, माझ्या लेकीच्या, आजारपणाबद्दल आत्ताच लिहिते. तिला विचारून लिहिते.

मिरजेच्या डॉक्टरांनी ‘डिप्रेशन’ हा शब्द उच्चारला, तेव्हा माझ्या हातात तिच्या रक्ताचे रिपोर्ट होते, तारखेप्रमाणे लावलेले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं ठीक. डिप्रेशन म्हणजे नुसती उदासी नव्हे, ते म्हणाले. झोप, भूक, जगण्याची इच्छा, सगळंच मंदावतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही साताऱ्याला, ती सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. हॉस्टेलच्या मुलींनी सहाला आत यायचं. खो-खो खेळणाऱ्यांना साडेसातपर्यंत सवलत, पण पालकांच्या पत्रावर. शेवटचं वर्ष अभ्यासाचं, म्हणून ती परवानगी मी स्वच्छ इंग्रजीत पत्र लिहून रद्द करायला लावली. तिला विचारलं नाही.

दिवाळीनंतर तिच्या खोलीतल्या शैलाचा फोन आला. ती पाटणची.

“आवं काकू, तुमी या. ही जेवायला उठत न्हाई. काल म्हणाली, मी नसले तर कुणाचं काय अडणार हाय?”

मी मिळेल ती एसटी धरली.

मिरजेत डॉक्टरांनी विचारलं, “खेळणं कधी बंद झालं?”

“ऑगस्टमध्ये.”

“कुणी बंद केलं?”

“मी.”

त्यांनी ते लिहून घेतलं. “त्यानंच आजार झाला असं मी म्हणत नाही, बाई. पण तिचा मोकळा तास गेला. गोळ्या सुरू करू. तो तास तुम्ही परत द्या.”

बाहेरच्या बाकावर मी परवानगी परत देणारं दुसरं पत्र लिहायला घेतलं. ती बघत होती.

“इंग्रजीतच लिही, आई. मराठीत लिहिलंस तर रेक्टरबाईंना ते तुझं वाटायचं नाही.”

कित्येक आठवड्यांत ती असं पहिल्यांदा बोलली.

मी महिनाभर सांगलीतच राहिले. पहिले चार दिवस ती मैदानाच्या कडेला नुसती बसली. पाचव्या दिवशी शैला म्हणाली, “बसायचंच हाय तर खेळणाऱ्यांच्या रांगेत, चौकात बस की. कुणीतरी खो देईल.” ती जाऊन बसली. खो मिळाला तशी उठली. फार धावली नाही.

गोळ्या पुढं डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या. खो-खो लग्नानंतर सुटला. संध्याकाळी तासभर चालणं अजून टिकून आहे. त्या वेळेत मी तिला फोन करत नाही.