आधी पाणी कुठल्या घोड्याला?

माझ्या नणंदेच्या जावयाइतके अशुभ प्रश्न विचारणारा माणूस साऱ्या म्हैसुरात दुसरा सापडायचा नाही. बोगादीला कोणी नवं घर बांधून वास्तुशांतीला बोलावलं, की बाकीचे फरशीचं कौतुक करतात, हे गृहस्थ हातातला नारळ खाली ठेवायच्या आत विचारतात, "पाणी शिरलं तर आधी कुठून शिरेल?" यजमानाचं तोंड उतरतं. बारशाला गेले की बाळाच्या आधी पाळण्यावरच्या छपराकडे बघतात. स्वतःच्या लग्नात तर त्यांनी मुहूर्त टळायची वेळ आणली. अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, आणि पाटावर उभे राहिलेले नवरदेव म्हणतात, "ती म्हातारी मंडळी मांडवाच्या कडेला बसलीत, त्यांच्यावर ऊन येतंय. आधी त्यांना आत घ्या." माझी नणंद कुजबुजली, "अय्यो, हा माणूस नवरीकडे बघतच नाही गं!" मी म्हटलं, "बघेल. तिला ऊन लागलं की बघेल."

माणूस वाईट नाही, पण त्यांची नजर नेहमी शेवटापासून सुरू होते. पंगतीत बसले की आपल्या पानाआधी टोकाच्या पानाकडे बघतात, तिथवर सगळं पोचेल ना म्हणून. छत्री बारा महिने बरोबर, आणि बारा महिने ती दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यावर. एकदा मी जावयाचा मान म्हणून रांगोळी काढून पान वाढलं, तर हे स्टुलावर चढून माझ्या छताला तळहात लावून उभे. "मामी, हे रात्रीही तापलेलंच राहतं का हो?" मी म्हटलं, "जावईबापू, छताला निवायला वेळ आहे. भात आधी निवतोय."

पोटापाण्याचं कामही त्यांना असंच मिळालं. पुढच्या वर्षांत ऊन वाढणार, पाऊस नको तेव्हा कोसळणार. तेव्हा गावात कोणाला जास्त लागेल, कोण लवकर सावरेल आणि कोण सावरणार नाही, हे घरोघर बघून ठरवायचं. मग ज्यांना जास्त लागेल त्यांची सोय आधी. यंदा काही गल्ल्यांच्या छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा होता. त्या कामासाठी ते देवराज मोहल्ल्यामागच्या आमच्या गल्लीत आले, आणि पहिल्याच दारात चुकले. विचारलं काय, तर "तुमच्या घरात सगळ्यात दुबळं कोण?"

आमच्या गल्लीत! इथे प्रत्येकाचा पणजोबा महाराजांच्या फौजेत होता. शिंप्याचं दुकान चालवणाऱ्यानं बाही वर करून दंड दाखवला. एका विधवेनं, "आमच्यात दुबळं जन्मत नाही," म्हणून दार लावलं. माझ्या शेजारच्या रावांनी भिंतीवर टांगलेला आजोबांचा लगाम दाखवला आणि छाती काढून उभे राहिले. त्यांची बायको तेव्हा मागच्या पत्र्याच्या खोलीत डोक्यावर ओलं फडकं घेऊन पडली होती. गेल्या उन्हाळ्यात ती चुलीपाशी कोसळली, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. राव म्हणाले, "तिला ना? पित्त आहे, दुसरं काही नाही."

संध्याकाळी जावईबापू माझ्या पायरीवर येऊन बसले. "मामी, तुमची गल्ली एकदम ठणठणीत निघाली. हिला काही मिळायचं नाही. आणि त्या बाईंना हा उन्हाळा झेपायचा नाही."

"तोंडावर दुबळे म्हटल्यावर कोण हो म्हणेल?"

"तुम्ही म्हणाल?"

"मला काय धाड भरलीय?"

ते माझ्या भिंतीला तळहात लावून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रावांकडे निघाले. मीही गेले, भांडण झालं तर बघावं म्हणून. पण यांनी घराचा विषयच काढला नाही. लगामाखाली बसले आणि म्हणाले, "राव, तुमच्या आजोबांचं पथक लांबून दौड करून आलं, की आधी पाणी कुठल्या घोड्याला?"

राव आयुष्यात घोड्यावर बसले ते स्वतःच्या वरातीत, आणि तेव्हाही दोघांनी धरलं होतं. पण ते ताठ झाले. "अहो, हा काय प्रश्न झाला? जो जास्त दमला त्याला. तगडा घोडा थांबतो. दमलेला मागे राहिला तर सगळं पथक अडकतं."

"मग या घरात आधी कोणाला?"

रावांनी लगामाकडे बघितलं. मग मागच्या दाराकडे. आतून बांगड्यांचा आवाज आला, ती कूस बदलत असावी.

"आमच्या हिला," ते म्हणाले. "दुपारी त्या खोलीत भिंतीला हात टेकवत नाही. ती सांगत नाही. मी विचारत नाही."

त्यानंतर जावईबापूंनी दारोदार घोडाच विचारला. संध्याकाळपर्यंत आमच्या शूर गल्लीत निम्मे घोडे दमलेले निघाले. शिंप्याचे वडील, विधवेची लेक, सगळे.

रंग लागला. ऊन कमी झालं असं मी म्हणणार नाही, ऊन आहेच. पण रावांच्या मागच्या खोलीत आता भिंतीला हात टेकवतो, आणि त्यांची बायको दुपारी तिथेच बसून कोथिंबीर निवडते आणि नवऱ्यावर ओरडते. उन्हाळा काढला तिनं.

जावईबापूंना आता समुद्राकाठच्या गावी पाठवलंय. ते गेल्यानंतरच्या एका कडक दुपारी माझी कडी वाजली. दारात राव, हातात मडक्यातल्या पाण्याचा तांब्या.

"अक्का, पाणी."

"मी मागितलं?"

"जावईबापू सांगून गेलेत. ऊन चढलं की पहिलं दार तुमचं."

"म्हणजे मी दमलेली घोडी?"

"मी नाही हो म्हटलं," राव घाईघाईनं म्हणाले, "ते म्हणाले!"

मी तांब्या घेतला. पाणी गार होतं, सगळं प्यायले. रिकामा तांब्या परत देताना वर माझ्या छताकडे लक्ष गेलं. तिकडे समुद्राकाठी आत्ता ते कोणाच्या तरी घरात स्टुलावर चढले असतील, आणि खाली पान वाढलेलं असेल. तिथल्या कोणीतरी त्यांना आधी जेवून घ्या म्हणायला हवं.