चार स्क्रू

मला कामात कुणी मधे बोललेलं खपत नाही. अकोल्याच्या एका कॉलेजात मी सर्व्हर सांभाळतो. तिथली मंडळी काही विचारायचं तर माझ्या खोलीच्या दारातूनच विचारतात, आत येत नाहीत. या स्वभावाचं मला बरीच वर्षं कौतुकच होतं. अमरावतीत मे महिन्याच्या एका दिवसात ते उतरलं.

अमरावतीत अंध मुलींसाठी पुस्तकं छापणारी एक छोटी संस्था आहे. दोन खोल्या, एक कूलर आणि ब्रेलचे ठिपके उठवणारं एक मशीन. मशीन धडधाकट होतं, पण ज्या कम्प्युटरवरून ते चालायचं तो शेवटच्या घटका मोजत होता. चालता चालता बंद पडायचा, कधी सुरूच व्हायचा नाही. मशीनचा प्रोग्राम इतका जुना, की नव्या कम्प्युटरवर तो उभाच राहत नव्हता. आमच्या एका सरांनी माझं नाव सुचवलं आणि मी फोनवर ऐटीत सांगून टाकलं, की सोपं आहे, नव्या कम्प्युटरच्या पोटात जुना कम्प्युटर जसाच्या तसा बसवून देतो. त्यासाठीचं सॉफ्टवेअर असतं. एकाच यंत्रात चार-पाच यंत्रं नांदवतं ते.

पण ते बनवलेलं असतं मोठ्या सर्व्हरसाठी. संस्थेकडे होता एका ऑफिसनं दान दिलेला साधा कम्प्युटर, तोही हार्ड डिस्क काढून घेतलेला. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मान्य यंत्रांच्या यादीत त्याचं नाव शोधून सापडलं नसतं. असल्या यंत्रावर ते चढवणं हा नसता उद्योग असतो, आणि मला नेमकी त्याचीच हौस.

संस्थेचा कारभार एक ताई बघायच्या. पातूरकडच्या, जन्मापासून अंध, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या. दोन वर्षं त्या दहावीच्या भूमितीचं पुस्तक ब्रेलमध्ये करत होत्या. एकेक त्रिकोण ठिपक्यांनी बांधायचा, छापून बघायचा, बोटानं तपासायचा, चुकला की पुन्हा. नुकतीच शेवटची दुरुस्ती झाली होती. जूनअखेर शाळा उघडली की पाच मुलींच्या हातात ते पुस्तक पडायचं होतं.

"भाऊ, पुस्तक फक्त त्याच्यातच हाये," मी पोचल्या पोचल्या त्यांनी सांगितलं. "पेनड्राइव्ह लावाच्या जागा कवाच्याच मेल्या त्याच्या. बाहेर काहीच काढता येत नाई."

"ताई, मी रोज हेच करतो."

"ते खरं, पण डिस्कले हात लावाच्या आधी मले..."

"हो हो," मी म्हणालो आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. त्या बाजूच्या खोलीत आपल्या कामाला निघून गेल्या.

बेत साधा होता. जुन्या कम्प्युटरमधली भरलेली डिस्क काढायची. कपाटात तशीच एक रिकामी डिस्क पडून होती. दोन्ही एकाच वेळी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. रिकामी नव्या कम्प्युटरमध्ये बसवून तिच्यावर सॉफ्टवेअर चढवायचं, मग भरलेल्या डिस्कवरचं सगळं आत ओढून घ्यायचं. कशालाही हात लावण्याआधी प्रत काढावी, हे मी इतरांना तोंड दुखेपर्यंत सांगतो. पण प्रत काढायची माझी डिस्क अकोल्याला टेबलावरच राहिली होती, आणि मला संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं.

दोन्ही डिस्कांवर धूळ होती. मी त्या शेजारी शेजारी ठेवून ब्रशनं झाडल्या, स्पिरिटनं पुसल्या. एकीवर पारदर्शक चिकटपट्टी होती, जुनी, खडबडीत, काही न लिहिलेली. मला असली घाण बघवत नाही. नखानं खरवडून ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग एक डिस्क नव्या कम्प्युटरमध्ये चार स्क्रूंनी कसली आणि दुसरी टेबलावर ठेवली. आत गेली ती रिकामी, याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती.

पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर सुरू झालं, पडद्यावर ओळी सरकल्या आणि सगळं थांबलं. नेटवर्कचं कार्ड सापडत नाही, असं म्हणालं. त्याला मोठ्या सर्व्हरमधली भारी कार्डं ओळखता येतात, या कम्प्युटरमधलं स्वस्तातलं कार्ड त्याच्या गावीही नव्हतं. आणि कार्ड नसेल तर ते पुढे एक पाऊल टाकत नाही. मग मी लॅपटॉपवर त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते ओळखून चालवणारा छोटा प्रोग्राम, शोधून सॉफ्टवेअरमध्ये हातानं कोंबला. पुन्हा तिथंच थांबलं. ड्रायव्हर दुसऱ्याच आवृत्तीचा निघाला. तो बदलला. पुन्हा तिथंच. दुपार झाली, कूलरमधलं पाणी संपलं, शर्ट पाठीला चिकटला. त्या कार्डाला मी तोंडातल्या तोंडात जे काही म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही.

चार वाजत आले तेव्हा चौथ्या खेपेला गाडी पुढे सरकली. हा प्रोसेसर जुना आहे, असा इशारा आला. मी तो ओलांडला. डिस्कांच्या यादीत एकच डिस्क दिसली, मी ती निवडली. शेवटचा प्रश्न आला: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? चालत असेल तर एफ-इलेव्हन दाबायचं होतं. मी बोट बटणावर ठेवलं.

ताई माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या होत्या. तांब्या ठेवायला त्यांनी टेबल चाचपलं आणि त्यांचा हात तिथल्या डिस्कवर पडला. अंगठा तिच्यावरून एकदा गेला, पुन्हा गेला.

"भाऊ, थांबा."

"ताई, दोन मिनिटं."

"भरलेली हेच ना? मंग इच्यावरची पट्टी कुठं गेली?"

"हो, भरलेली तीच. पण कसली पट्टी?"

"चिकटपट्टी. ठिपक्याची. मी सोता लावली होती."

मी बोट उचललं. खडबडीत पट्टी. काही न लिहिलेली. ती कोणत्या डिस्कवरून खरवडली, टेबलावरच्या की आतल्या, हे मी आठवायला गेलो आणि मला आठवेना. सकाळपासूनची ती खात्री कुठून आली होती तेही कळेना. मी कम्प्युटरचं बटण दाबून धरलं आणि तो बंद केला. आधीच्या तीन खेपांत त्यानं डिस्कवर काही लिहिलं नसेल, असं माझं मत होतं. पण मतावर विसंबायची हिंमत आता उरली नव्हती.

टेबलावरची डिस्क मी जुन्या कम्प्युटरला जोडली. तो सुरू झाला की बोलायचा. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक सपाट आवाज होता त्यात, त्याच्यावरच ताई काम करायच्या. पंखा फिरला. आवाज आला नाही.

"बोलत नाई," ताई म्हणाल्या.

"कधी कधी सुरूच होत नाही ना हा?" मी विचारलं.

"कधी कधी."

आणखी दोनदा करून पाहिलं. काही नाही. मग मी नवा कम्प्युटर उघडला. स्क्रू एकेक करून समोरच्या स्टीलच्या बशीत टाकले, डिस्क काढली, जुन्याला जोडली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. ताईंनी खुर्चीची पाठ धरली होती. मी देवाचं नाव घेत नाही, त्या दिवशी घेतलं. बराच वेळ नुसती घरघर होती, आणि मग तो सपाट आवाज बोलला.

ताई खुर्चीत बसल्या. हातानं कळफलक जवळ ओढून त्यांनी पुस्तक उघडलं. आवाजानं पहिल्या धड्याचं नाव वाचलं, मग मधला एक धडा, मग शेवटचं पान.

"हाये," त्या म्हणाल्या. "सगळं हाये."

तेव्हा मी म्हणालो, "मी म्हटलं होतं ना, भरलेली बाहेरच ठेवली होती. मघाशी वायर सैल होती, एवढंच."

हे मी का बोललो, याचं उत्तर मला आजही आवडत नाही. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून बोललो.

ताई म्हणाल्या, "मंग बशीत वाजले ते चार स्क्रू कशाचे खोलले, भाऊ?"

मी बशीकडे पाहिलं. चारच होते.

"ती आत होती, ताई," मी म्हणालो. "एक बटण दाबायचं राहिलं होतं. तुम्ही आला नसता तर पुस्तक गेलं होतं." मग दुसरंही सांगितलं. ज्या कार्डाला मी सकाळपासून शिव्या घालत होतो, त्यानंच मला तीनदा त्या प्रश्नाआधी अडवलं होतं. यादीतलं चांगलं यंत्र असतं, तर साडेअकरालाच सगळं पुसून झालं असतं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पट्टी मागितली. मी कचऱ्याच्या डब्यात हात घालून ती काढून दिली. त्यांनी ती गुडघ्यावर सरळ केली आणि बोट फिरवत मला वाचून दाखवली: "यात पुस्तकं आहेत. मला विचारल्याशिवाय हात लावू नये."

"सकाळी हेच सांगून राहिली होती मी," त्या म्हणाल्या.

मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही. संध्याकाळची गाडी मी सोडून दिली. बाजारातून नवी डिस्क आणली आणि आधी पुस्तकाची प्रत काढली. ती होईपर्यंत ताईंनी ब्रेलच्या पाटीवर नवी पट्टी टोचली, प्रत झाल्यावर ती भरलेल्या डिस्कवर चिकटवली आणि दोन्ही जुन्या डिस्का टेबलावर ठेवल्या. मी हात पुढे केला आणि तिथंच थांबवला.

"ताई, घेऊ?"

त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं आणि एक माझ्याकडे सरकवली. "हे घ्या. रिकामी हाये."

मी ती घेतली, आणि स्क्रू लावायच्या आधी माझंही बोट तिच्यावरून फिरवलं.