नंदाखालच्या दोन सुलोचना

आधीच सांगते, मी या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. आईच्या समाधानासाठी हात जोडते, तेवढाच माझा देवाशी संबंध. आणि भूतबित तर... कॉम्प्युटरमध्ये जे होतं त्याला कारण असतं, हे गेली बारा वर्षं मी लोकांना शिकवत आलेय. म्हणूनच हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

मी विरार पश्चिमेला राहते. आगाशीच्या बाजारामागे एक जुना धर्मादाय दवाखाना आहे. तिथल्या पेशंटांच्या नोंदी एकाच जुनाट कॉम्प्युटरवर होत्या. त्या क्लाउडवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. नोंदी ठेवायचे दिनूकाका. ते गेल्या गणपतीत अचानक वारले, तेव्हापासून त्या मशीनला कोणी नीट हात लावला नव्हता.

काम सोपं वाटलं आणि तिथेच मी माती खाल्ली. 'शेरा' नावाच्या रकान्यात जुन्या मराठी फॉन्टमुळे नुसती किडे-मुंग्यांसारखी अक्षरं दिसत होती. तो रकाना मी सरळ सोडून दिला. मग नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की एकच माणूस, असा नियम लावून दुबार नोंदी एकत्र केल्या. पण इकडे एका गावात एका नावाची चार माणसं. आणि जन्मतारीख? शाळेत मास्तरांनी घातलेली एक जून! माझ्या सख्ख्या बाबांचीही तीच आहे. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

नोंदी मोजल्या तर एक जास्त. शोधली — सुलोचना राऊत, गाव नंदाखाल. याच नावाच्या पहिल्या नोंदीत मी एकत्र केलेली दुसरी नोंद परत वेगळी झाली होती. शेऱ्यात स्वच्छ मराठीत लिहिलेलं, 'विहिरीवरच्या. पेनिसिलिन देऊ नये.' आणि नोंद करणाऱ्याचं नाव: दिनू.

नव्या सिस्टीममध्ये दिनू नावाचा युजर मी बनवलाच नव्हता. जुनं मशीन चालू राहिलं असेल म्हणून बघायला गेले, तर त्याची वायर काढून टेबलावर गुंडाळून ठेवलेली. ती मीच ठेवली होती. कुठलातरी टेस्ट डेटा राहिला असेल असं स्वतःला समजावलं आणि नोंद डिलीट केली. दुसऱ्या दिवशी परत तीच. पुन्हा डिलीट. पासवर्ड बदलले. तिसऱ्या सकाळी नवी सिस्टीम चालू व्हायची होती आणि ती बया परत हजर! ट्रस्टी येऊन बसले होते. मी डिलीट दाबलं. आकडा जुळला.

अकराच्या सुमाराला डॉक्टरांच्या मागे उभी राहून मी त्यांना स्क्रीन समजावत होते. समोर साठीच्या एक बाई, पाय सुजून लाल झालेला.

"नाव?"

"सुलोचना राऊत. नंदाखाल."

डॉक्टरांनी नोंद उघडली. "पेनिसिलिन आधी तीनदा घेतलंय, काही त्रास नाही. सिस्टर, भरा."

माझी नजर यादीवर गेली. त्या नोंदीच्या खाली आणखी एक सुलोचना राऊत होती. दोन तासांपूर्वी मी पुसलेली.

"थांबा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरची माणसं आत डोकावली.

डॉक्टर भडकले. "मॅडम, तुम्ही कॉम्प्युटर बघा, पेशंट मी बघतो."

मी बाईंसमोर वाकले. "मावशी, तुमचं घर कुठलं?"

"विहिरीवरचे ना आमी. का गं बाय?"

"कुठलं इंजेक्शन चालत नाही का तुम्हाला?"

"मना पेनिशिलिन नाय चालत. एकदा दिलेलं तर गळाच बंद झालेला, मरता मरता वाचली." मग सिस्टरच्या हाताकडे बघून म्हणाल्या, "तेच हाय का ते? तुमच्या कॉम्प्युटरात हाय ना सगळं? म्हणून मी गप बसलेली."

सिस्टरने सुई खाली ठेवली. मी स्टुलावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

दुपारी जुना बॅकअप काढून तो फॉन्ट एकदाचा वाचला. दुसऱ्या सुलोचनाबाईंच्या शेऱ्यात एकच शब्द होता — विहिरीवरच्या. पेनिसिलिनचा उल्लेख कुठेच नाही.

त्या अजून बाकावर बसल्या होत्या. मी विचारलं, हे पेनिसिलिनचं तुम्ही कधी, कोणाला सांगितलं होतं?

"दिनूभावजींना. बाजारात भेटलेले, गणपतीच्या टायमाला. बोलले, वयनी, उद्या गेलो की घालतो कॉम्प्युटरात." त्यांनी सुजलेला पाय उचलून बाकावर घेतला. "त्याच रात्री गेले ना ते."

याचा अर्थ मला लावता आलेला नाही. सिस्टीममध्ये कोणी कधी काय केलं ते दाखवणारे लॉग दोन सीनियर लोकांना दाखवले, त्यांनाही नाही. ती नोंद मी तशीच ठेवलीय. माझ्या नियमाने एक झालेल्या बाकीच्या जोड्या बॅकअपवरून सोडवल्या, आणि आता काउंटरवर बसून प्रत्येकाला 'घर कुठलं?' विचारते. पण अशी किती माणसं असतील, ज्यांनी दिनूकाकांना बाजारात काही सांगितलं आणि ते लिहायचं राहिलं? रोज सकाळी मी नोंदी मोजते. आकडा बरोबर येतो, आणि आता मला त्याचीच जास्त भीती वाटते.